रिकाम्या जागेचे पैसे कोणाचे?

धानाची कापणी आटोपत आली की देसाईगंजच्या बाजारात एक वेगळा माल विकायला निघतो. सरकारी कागदावर गावाचं नाव देसाईगंज असलं, तरी माणसं वडसाच म्हणतात. वैनगंगेच्या काठचं, गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं हे गाव गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्गावर आहे. दिवाळीच्या सुमारास इथे नाटक कंपन्यांच्या कार्यालयांवर रंगीत फलक झळकतात आणि खेड्यापाड्यांतून पोरांची टोळकी मोटारसायकलींवरून येऊ लागतात. कोणी आरमोरीकडचं, कोणी सिंदेवाहीकडचं, कोणी पार भंडाऱ्याकडचं. कार्यालयात बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न नाटक कोणतं, हा नसतो. "आमच्या पटाची तारीख मोकळी हाये का?" असं ते विचारतात. पट म्हणजे गावातली बैलांची शर्यत.

ही झाडीपट्टी रंगभूमी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यात पन्नासेक व्यावसायिक कंपन्या दरवर्षी गावोगाव रात्रभराची संगीत नाटकं करतात. चंद्रपूरच्या एखाद्या पोराला मित्रांचा रॉक बँड चालवायचा असेल, कार्यक्रम मिळवायचे असतील, जाहिरात करायची असेल आणि त्यावर पोटही भरायचं असेल, तर तो मुंबईकडे बघतो. मुंबईकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. पण जिवंत कार्यक्रम विकण्याची एक पूर्ण शाळा त्याच्या घराजवळ आहे आणि तिथे फी लागत नाही. या प्रकरणात आपण आधी त्या शाळेत जाऊ.

माल कोणता?

कलावंताला वाटतं, आपण कला विकतो. व्यवस्थापकाला ठाऊक असतं की तो रात्र विकतो. गाणं उद्याही म्हणता येतं, पण १४ जानेवारीची रात्र विकली गेली नाही तर ती १५ तारखेला विकता येत नाही. भाजीवाल्याची मेथी संध्याकाळपर्यंत निम्म्या भावात तरी जाते. रिकामी गेलेली तारीख कोणत्याच भावाने जात नाही.

वडशाच्या धंद्याचा सारा आराखडा या नाशवंत मालाभोवती उभा आहे. हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत. २०२३ साली पाडवा १४ नोव्हेंबरला होता आणि पुढची होळी २४ मार्चला. मोजून १३१ रात्री. पावसाळ्यात रोवणीच्या दिवसांत ना प्रेक्षकाला फुरसत, ना उघड्यावर मंच उभारायची सोय. धान घरात आलं की हातात पैसा येतो, बांध्या मोकळ्या होतात, आणि त्याच मोकळ्या जमिनीवर मंडई, म्हणजे गावची जत्रा, भरते, शंकरपट होतो. दिवसा बैलांचा पट, रात्री नाटक. लेकी-जावई, सोयरे-धायरे यांना पटाचं आवतण जातं. घरोघरी पाहुणे उतरतात, सोयरिकीच्या गोष्टीही याच दिवसांत निघतात. मोठ्या पटाच्या गावात एकाच रात्री तीन-चार कंपन्यांचे मंडप उभे राहिलेले दिसतात.

म्हणजे प्रेक्षक कंपनीने गोळा केलेला नसतो. तो आधीच गावात आलेला असतो, आणि कंपनी फक्त त्याची रात्र मागते. बाजार ओळखणं म्हणजे नेमकं हेच. लोक कधी एकत्र येतात, त्यांच्या हातात पैसे कधी असतात आणि त्यांना रात्र कुठे काढायची असते, हे आधी बघायचं. नाटक रात्रभर का चालतं, याचंही उत्तर जुनी माणसं याच दिशेने देतात. दूरच्या गावांहून बंड्यांनी, म्हणजे बैलगाड्यांनी, आलेला माणूस मध्यरात्री जंगलातून परत कसा जाणार? मग खेळच पहाटेपर्यंत चालवायचा. वाघाच्या वाटेने ठरवलेली ही वेळ आहे.

ज्या खांबावर आपण छप्पर टाकलं, तो आपल्या हातात नाही, याची जाणीवही इथे ठेवावी लागते. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. पटावर उभ्या असलेल्या नाटकांचा एक आधार त्याने काढून घेतला. १६ डिसेंबर २०२१ ला महाराष्ट्रातल्या शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ च्या निकालाने राज्याचा कायदा टिकला. मधल्या काळात कोरोनाही येऊन गेला. एकाच गर्दीवर सगळा धंदा टांगणाऱ्याने हा इतिहास पाठ करून ठेवावा.

जोखमीचा हिशेब

आता या धंद्याच्या गाभ्याकडे येऊ. मंडपातली प्रत्येक रिकामी जागा कोणाच्या तरी खिशातून पैसे काढत असते. त्या खिशाचं नाव ठरवणं हेच व्यवस्थापनाचं पहिलं काम.

झाडीपट्टीत ते नाव साधारणपणे गावातल्या मंडळाचं असतं. मंडळ कंपनीला ठरलेली रक्कम देतं, मंडप घालतं, तिकिटं विकतं. नफा झाला तर मंडळाचा, तोटा झाला तरी मंडळाचाच. आकडे समजण्यापुरते धरू. समजा, कंपनीची रक्कम ७०,००० रुपये आणि मंडप, जनरेटर, जाहिरात, जेवण मिळून आणखी ३०,०००. एकूण एक लाख. तिकीट ८० रुपयांचं असेल तर १,२५० माणसं आली की खर्च निघतो. २,००० आली तर मंडळाच्या हाती ६०,००० उरतात आणि एखाद्या सभामंडपाचं छत त्यातून होतं. ९०० च आली, तर २८,००० रुपयांचा खड्डा पोरांनी वर्गणी काढून भरायचा.

कंपनीला या चढउताराची झळ त्या रात्री लागत नाही. पण तिची जोखीम दुसरीकडे असते. हंगामाआधीच तिने कलावंतांना आगाऊ पैसे दिलेले असतात, तालमींचं जेवणखाण, पडदे, ध्वनियंत्रणा आणि गाडीचा खर्च केलेला असतो. समजा, यात सहा लाख गुंतले आणि प्रत्येक प्रयोगामागे सगळ्यांची नाइट, म्हणजे त्या रात्रीचं मानधन, देऊन, डिझेल भरून १५,००० उरतात. मग पहिल्या चाळीस रात्री फक्त गुंतवलेले पैसे फिटण्यात जातात. एकेचाळिसाव्या रात्रीपासून कंपनी कमावते. म्हणून साठ प्रयोगांची कंपनी आणि शंभर प्रयोगांची कंपनी यांच्यात फरक दीडपटीहून थोडा जास्त दिसला, तरी नफ्यात तो तिपटीचा होतो.

पश्चिम महाराष्ट्रातल्या तमाशाचा व्यवहारही याच घराण्यातला. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या लागतात. यात्रा भरवणारी गावकरी मंडळी तिथे येतात, राहुट्या फिरतात, भाव करतात आणि सुपारी देऊन जातात. नारायणगावात जशा राहुट्या, तशी वडशात कार्यालयं. सगळे विक्रेते एकाच पेठेत बसल्याने गावकऱ्याला भाव कळतो. कंपनीलाही शेजारच्याने कोणत्या गावात किती घेतले, हे सांजेपर्यंत समजतं. आपला बँड एकटाच आहे म्हणून हवा तो भाव सांगणाऱ्याला अशी पेठ लवकर जमिनीवर आणते.

लिव्हरपूलचा दुकानदार

रॉक संगीताच्या जगातल्या व्यवस्थापकांच्या कथा सांगताना प्रतिभा, योगायोग, वेड यांचंच वर्णन जास्त होतं. त्यांची हिशेबाची वही उघडली की वडसाच दिसतं.

ब्रायन एपस्टाइन हा लिव्हरपूलमधला रेकॉर्ड विकणारा दुकानदार. ९ नोव्हेंबर १९६१ च्या दुपारी कॅव्हर्न नावाच्या तळघरातल्या क्लबात त्याने बीटल्स पहिल्यांदा पाहिले. बँड चालवण्याचा त्याला काहीच अनुभव नव्हता. पण कोणती तबकडी कोण विकत घेतं, हे त्याला गल्ल्यावर बसून कळलेलं होतं. त्याने पोरांना वेळेवर यायला लावलं, मंचावर खाणं आणि शिव्या बंद केल्या, सूट शिवून दिले. डेक्का या रेकॉर्ड कंपनीने नकार दिल्यावरही लंडनच्या खेपा चालू ठेवल्या, आणि १९६२ मध्ये इएमआयच्या पार्लोफोनचं दार उघडलं. त्याचा स्वतःचा वाटा करारानुसार पंचवीस टक्क्यांपर्यंत होता.

याच सज्जन माणसाची एक चूक प्रत्येक होतकरू व्यवस्थापकाने भिंतीवर लिहून ठेवावी. बीटल्सच्या नावाच्या बाहुल्या, विग, बिल्ले विकण्याचा हक्क ज्या मध्यस्थांना दिला, त्यांनी नव्वद टक्के ठेवायचे आणि बँडला दहा द्यायचे, असा करार त्याच्या वतीने झाला. गाण्यावर त्याची बारीक नजर होती. गाण्याबरोबर आणखी काय विकलं जाईल, याचा अंदाज त्याला नव्हता.

नव्वद-दहाचा आकडा उलटवून दाखवला तो पीटर ग्रँटने. हा धिप्पाड माणूस एकेकाळी कुस्त्या खेळलेला आणि पुढे लेड झेपेलिनचा व्यवस्थापक. तिकिटांच्या उत्पन्नातला नव्वद टक्के वाटा बँडला आणि दहा टक्के आयोजकाला, हा हिशेब त्याने अमेरिकेतल्या आयोजकांच्या गळी उतरवला. हे जमलं, कारण त्याचा बँड आला की जागा रिकामी राहतच नव्हती. जोखीम उरली नाही की आयोजकाचा मोबदलाही आटतो. ज्याला अजून दोनशे माणसं जमवता येत नाहीत, त्याने ग्रँटची भाषा बोलू नये. त्याने वडशाची बोलावी. ठरलेली माफक रक्कम, आणि आयोजकाला चार पैसे सुटतील अशी सोय.

आपल्याकडे मुंबईत फरहाद वाडिया यांनी १९८६ साली सुरू केलेला 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव अनेक वर्षं कॉलेजच्या पोरांचा वार्षिक सण होता. धोबी तलावचं खुलं रंगभवन हे तिथल्या रॉकचं माहेर. शांतता क्षेत्राच्या नियमांत ते अडकलं आणि तिथले कार्यक्रम थांबले. पुढे विजय नायर या तरुणाने २००२ मध्ये 'ओन्ली मच लाउडर' ही संस्था काढून पेंटाग्रामसारख्या बँडचं काम हाती घेतलं. २०१० मध्ये पुण्यात 'एनएच-सेव्हन वीकेंडर' हा महोत्सव उभा राहिला. बँड आहेत पण वाजवायला जागा नाही, अशा वेळी जागाच तयार करण्याची ही उडी होती. झाडीपट्टीला ती उडी मारावी लागली नाही, कारण तिची जागा पटाने आणि मंडईने आधीच तयार ठेवली होती.

पत्रकावरचं नाव

झाडीपट्टीतलं नाटकाचं पत्रक म्हणजे जाहिरातशास्त्राचा धडा. नाटकाचं नाव ठळक, काळीज हलवणारं. त्याखाली कलावंतांचे फोटो. मुंबई-पुणे-नागपूरहून कोणी आलेलं असेल तर गावाचं नाव आवर्जून. विनोदी नटाचा चेहरा मोठा. लावणी कोण करणार, तेही. लेखकाचं नाव बारीक टायपात. लेखकांनी राग मानू नये. गावात ध्वनिक्षेपक लावलेली गाडी फिरते तेव्हा लोक कान टवकारतात ते ओळखीच्या नावाला.

असं नाव घडायला किती वर्षं लागतात? कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. ८०० वेगवेगळी नाटकं आणि ५,००० हून अधिक प्रयोग, अशी त्यांच्या कामाची नोंद आहे. झाडीपट्टीचे दादा कोंडके म्हणून लोक त्यांना ओळखतात. दूरदर्शनवर झळकून मिळालेलं हे नाव नव्हे. एकेका गावात, एकेका रात्री कमावलेलं नाव आहे. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे सदानंद बोरकर यांच्यासारख्या लेखक-दिग्दर्शकांनीही इथेच राहून आपला प्रेक्षक बांधला. २०२२ साली तृषांत इंगळे यांच्या 'झॉलीवूड' चित्रपटाने ही दुनिया बाहेरच्यांना दाखवली, पण झाडीच्या प्रेक्षकाला ती ओळख आधीपासूनच होती.

बँडच्या व्यवस्थापकाने यातून उचलायचं ते असं: इन्स्टाग्रामवर दहा हजार लोक मागे असले तरी त्यांतले किती मूल, सावली, चामोर्शीत राहतात आणि तिकीट काढतील, हे विचारायचं. कार्यक्रम जिथे आहे, तिथून वीस-पंचवीस किलोमीटरच्या आतला माणूस हाच खरा प्रेक्षक. बाकीची टाळी फुकटची.

कागदाची बाजू

या धंद्यात शब्दाला मोल आहे. पण शब्द पाळणं सोपं जावं म्हणून कागद करायचा असतो. एका पानावर मावेल एवढाच करार पुरतो. तारीख, ठिकाण, सुरू करायची वेळ, एकूण रक्कम, विसार किती, उरलेले पैसे कधी, हे त्यात हवं. उरलेले पैसे कार्यक्रमाआधी घ्यायचे, कारण पहाटे चार वाजता मंडळाचा खजिनदार सापडत नाही. वीज गेली तर जनरेटर कोणाचा, किती माणसांचं जेवण, बायामाणसांच्या मुक्कामाची सोय कुठे, हेही लिहायचं. आणि अवकाळी पाऊस आला किंवा गावात कोणी गेलं तर काय? गावात मयत झाली असताना कार्यक्रम रेटणारा बँड त्या गावात पुन्हा पाय ठेवू शकत नाही. अशा वेळी विसार बुडवायचा नाही, पुढची तारीख द्यायची, हे आधीच ठरवून ठेवावं.

सरकारी बाजू अशी. महाराष्ट्रात नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद असतो. सणासुदीला राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकतं. रात्रभराच्या खेळांची परंपरा आणि हा नियम यांची ओढाताण उघड आहे. नव्याने उतरणाऱ्या बँडने ती अंगावर घेऊ नये. कार्यक्रम संध्याकाळी सहाला लावावा, दहाच्या आत संपवावा आणि पोलीस ठाण्याची परवानगी खिशात ठेवावी.

दुसऱ्यांची गाणी तिकीट लावून वाजवायची असतील तर परवाना घ्यावा लागतो. गीतकार-संगीतकारांच्या हक्कांचं काम १९६९ मध्ये स्थापन झालेली आयपीआरएस ही संस्था पाहते. पण आपल्या बँडने स्वतःची गाणी रचली असतील तर त्याच संस्थेत त्यांची नोंद करून आपणही घेणेकरी होऊ शकतो, ही बाजू पोरांना ठाऊक नसते. २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क पक्का झाला आहे. करांचं म्हणाल तर ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर अशा कार्यक्रमांना जीएसटी नाही, आणि सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणीचीही गरज पडत नाही. पण वही पहिल्या दिवसापासून ठेवायची.

इथेच सुरुवात करायची तर

चंद्रपूर-गडचिरोलीची दिनदर्शिका समोर मांडा आणि गर्दीच्या तारखांवर खुणा करा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १६ ऑक्टोबर १९५६ ला चंद्रपुरात दीक्षा सोहळा केला. दरवर्षी त्या दिवसांत तिथल्या दीक्षाभूमीवर मोठा जनसमुदाय लोटतो. भीमगीतं गाणाऱ्या संचांना ऑक्टोबर आणि एप्रिलमध्ये उसंत नसते. गिटार, ड्रम, कीबोर्ड घेऊन उभं राहणाऱ्या पोरांसाठी या परिसरातला सगळ्यात जाणता प्रेक्षक तिथेच आहे. त्याला ताल कळतो आणि शब्दही हवे असतात. चैत्रात महाकालीची यात्रा, महाशिवरात्रीला मार्कंड्याची. गणपती, शारदा, शिवजयंती. कोळसा खाणींच्या आणि वीज केंद्राच्या वसाहती, बल्लारपूरचा कागद कारखाना, भद्रावतीचा आयुधनिर्माणी परिसर. इथे पगारी कुटुंबं आहेत आणि सणांच्या समित्याही. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाची महाविद्यालयं दोन्ही जिल्ह्यांत पसरली आहेत. पहिला प्रेक्षक बहुधा तिथेच भेटेल.

मग पायरीपायरीने. पहिल्या हंगामात स्वतःचा बँड घेऊन निघूच नका. एखाद्या नाटक कंपनीबरोबर किंवा ध्वनियंत्रणेवाल्याबरोबर फिरा, गाडी भरा, उतरवा, मंडळाशी कोण कसं बोलतं ते ऐका. नाटकांच्या मंचापुढे बसणारे ऑक्टोपॅड आणि कीबोर्डवाले पाहा. रात्रभर नटाच्या श्वासावर वाजवणाऱ्या या वादकांइतके तयार हात तुम्हाला दुसरीकडे शोधावे लागतील. दुसऱ्या हंगामात एकच बँड घ्या आणि दहा तारखा विका, जवळच्या आणि लहान. दर कार्यक्रमानंतर चार गोष्टी लिहा: किती माणसं आली, किती थांबली, आयोजकाला काय उरलं, कोणत्या गाण्याला 'वन्स मोअर' आला. तिसऱ्या हंगामापर्यंत ही वही तुमचं भांडवल झालेली असते. जगभरात व्यवस्थापकाचा वाटा कमाईच्या १५ ते २० टक्क्यांच्या आसपास असतो. म्हणजे ५,००० च्या कार्यक्रमात तुम्हाला ७५० ते १,००० मिळतील आणि त्यातलं पेट्रोलच बरंच खाईल. म्हणून पहिली तीन वर्षं दुसरं काम सोडू नका. वडशातले अनेक कलावंतही पावसाळ्यात शेतीच करतात, आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

बँडमधल्या वाटण्या मात्र पहिल्याच दिवशी ठरवा. गाणं कोणाच्या नावावर, बँडचं नाव कोणाचं, एखादा सोडून गेला तर गिटारचा हप्ता कोण भरणार. पैसे नसताना ही बोलणी हसतखेळत होतात. पैसे आल्यावर त्याच बोलण्यांसाठी वकील लागतो.

आता त्या मंडळाच्या पोराकडे पुन्हा जाऊ, ज्याच्या मंडपात नऊशेच माणसं आली. पहाटे पडदा पडलाय, थंडीने सगळे काकडलेत, कंपनीची माणसं गाडीत सामान चढवताहेत. ठरलेली रक्कम त्याने चोख दिली आहे, म्हणजे रिकाम्या जागांचे पैसे त्याच्याच खिशातून गेले आहेत. कायद्याने कंपनीचा त्याच्याशी संबंध संपला. शहाणा व्यवस्थापक अशा वेळी गाडीत चढत नाही. तो पोराबरोबर शेकोटीशी बसतो, कुठे चुकलं ते विचारतो, शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरं नाटक होतं हे त्याच्या वहीत लिहून देतो, आणि पुढच्या वर्षी चार पैसे कमी घेण्याचा शब्द टाकतो. चहा संपता संपता पोरगा विचारतो, "मग पुढच्या पटाची तारीख धरू का?" त्या विचारण्यावर व्यवस्थापकाचा पुढचा हंगाम उभा राहतो.